दुसरी बॅटरी जोडण्याआधी

गाडीत दुसरी बॅटरी बसवायची ठरली की माणूस थेट ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात जातो आणि विचारतो, "आयसोलेटर कोणता चांगला?" दुकानदार कपाटात असेल तो काढून देतो, फिटर दोन तासांत बसवतो, आणि मागचे दिवे लागले की काम झालं असं सगळे धरून चालतात. गाडीचा अल्टरनेटर कसा वागतो, दुसरी बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, ती इंजिनापासून किती लांब बसणार आहे, गाडी दिवसाला किती तास धावते, हे कोणी विचारत नाही. खरा निर्णय या चार प्रश्नांत असतो. ते सुटले की आयसोलेटर आपोआप ठरतो. ते न सोडवता घेतलेला महागातला महाग आयसोलेटरही आज ना उद्या घात करतो, आणि हा घात हळूहळू होत असल्यामुळे दोष प्रत्येक वेळी बॅटरीच्या माथी मारला जातो.

सातपुड्यात फिरणाऱ्या एका आरोग्य-गाडीची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. शहाद्याहून निघायचं, धडगाव, तोरणमाळ आणि त्यापलीकडे नर्मदेच्या अंगाला उतरणाऱ्या पाड्यांवर जायचं, दिवसभर तिथे थांबायचं, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी परतायचं. गाडीत १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज आहे. त्यात इन्सुलिन आणि धनुर्वाताची लस असते. दोन्ही २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजेत. सर्पदंशावरची लस भुकटीच्या रूपात असेल तर फ्रिजविना चालते, पण द्रवरूपातली मिळाली तर तीही त्याच फ्रिजमध्ये जाते. शिवाय दिवे, लॅपटॉप, इन्व्हर्टरवर चालणारा नेब्युलायझर. इंजिन बंद आणि हा सगळा लोड चालू, असा आमचा दिवस. आणि कोणत्याही क्षणी पेशंट घेऊन धडगावला किंवा नंदुरबारला निघावं लागतं, तेव्हा पहिल्याच झटक्यात सेल्फ लागला पाहिजे. धक्का मारायला तिथे सपाट रस्ता नसतो, आणि कधीकधी माणसंही नसतात.

म्हणून आयसोलेटर. त्याचं काम दोनच गोष्टींचं. इंजिन चालू असताना अल्टरनेटरची वीज दुसऱ्या बॅटरीपर्यंत जाऊ द्यायची, आणि इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून तोडायच्या. दोन टाक्या खालून पाइपने जोडल्या तर एकीतून काढलेलं पाणी दुसरीतूनही जातं. मधला व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला तरच दुसरी टाकी भरलेली राहते. बॅटऱ्यांचंही हेच आहे. सगळा प्रश्न हा व्हॉल्व्ह कोण, कधी आणि कशाच्या आधाराने उघडतो याचा आहे.

आमच्या पहिल्या गाडीत तो इग्निशनच्या चावीवर चालणारा रिले होता. चावी फिरवली की जोडणार, चावी काढली की सुटणार. स्वस्त आणि समजायला सोपा. फिटरने त्यासाठी स्टार्टरचा सोलेनॉइड वापरला होता. हा सोलेनॉइड सेल्फ मारण्याच्या चार-पाच सेकंदांपुरता बनवलेला असतो. त्याची कॉइल तासन्‌तास चालू राहिली की तापते. शिवाय चावी फिरवताच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जात असल्याने सेल्फ मारताना स्टार्टर मागच्या, म्हणजे दुसऱ्या, बॅटरीतूनही करंट ओढायचा, शेकडो अँपिअरच्या भुकेतला वाटा दोन्ही बॅटऱ्यांमधल्या बारीक वायरीतून. एके दिवशी आतले कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले. बाहेरून काहीच कळलं नाही. दिवसा सगळं नेहमीसारखं चालू होतं, आणि मुक्कामाच्या रात्री फ्रिजने दोन्ही बॅटऱ्या मिळून उतरवल्या. सकाळी चावी फिरवली तर डॅशबोर्डचा दिवाही मंद. त्या पाड्यावरून एका गरोदर बाईला न्यायचं होतं. तिच्या घरच्यांनी तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून जीप केली. ती आणि बाळ सुखरूप राहिलं, पण त्या सकाळची जबाबदारी एका चुकीच्या रिलेवर होती, हे मला आजही बोचतं.

रिलेच वापरायचा असेल तर सतत चालू राहण्यासाठी बनवलेला घ्या. विकत घेतानाच तसं विचारा. त्याची कॉइल चावीच्या वायरीवर जोडू नका. अल्टरनेटरला चार्जिंगच्या दिव्याची जी तार असते, तिच्यावरून चालवा, म्हणजे इंजिन चालू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागल्यावरच बॅटऱ्या जोडल्या जातील. त्या तारेवर मोठा भार टाकायचा नसतो, म्हणून मध्ये एक छोटा रिले लागतो. आणि कॉन्टॅक्ट चिकटले आहेत का हे अधूनमधून तपासा. इंजिन बंद करा, चावी काढा, मागचे दिवे-पंखा अर्धा तास चालू ठेवा आणि दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजा. मागची बॅटरी पुढचीपेक्षा खाली दिसली पाहिजे. दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे आले तर व्हॉल्व्ह उघडाच राहिला आहे. या तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो.

पुढे दात्यांनी दिलेल्या एका गाडीत डायोडचा आयसोलेटर बसवलेला आला. ॲल्युमिनियमच्या पात्यांचा जाडजूड ठोकळा. हलणारा भाग नाही, चिकटणारा कॉन्टॅक्ट नाही. त्यामुळे तो निर्धोक वाटतो. पण डायोड फुकट वीज जाऊ देत नाही. साध्या सिलिकॉन डायोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्च होतात, करंट जास्त असला तर त्याहूनही जास्त. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तर बॅटरीला १३.५ मिळतात. लेड-ॲसिड बॅटरी या व्होल्टेजवर पुरती भरतच नाही. ती रोज थोडी थोडी उपाशी राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं, आणि दोन-तीन वर्षं जायला हवी ती बॅटरी पहिल्याच वर्षात थकते. डायोडमुळे इंजिनाची बॅटरीही अशीच उपाशी राहते, कारण अल्टरनेटरची सगळी वीज त्याच ठोकळ्यातून जाते. शिवाय काही अल्टरनेटरना सुरू होण्यासाठी बॅटरीकडून थोडं व्होल्टेज लागतं. डायोड ते उलट दिशेने जाऊ देत नाही आणि अल्टरनेटर जागाच होत नाही. आता मॉस्फेटचे आयसोलेटर मिळतात, त्यांत ही घट ०.१ व्होल्टच्या आसपास असते. डायोडच्याच पद्धतीचा हवा असेल तर तो घ्या. जुना सिलिकॉनचा ठोकळा कोणी कितीही स्वस्तात देत असला तरी घेऊ नका.

त्यानंतर आला व्हीएसआर, म्हणजे व्होल्टेज पाहून जुळणारा-सुटणारा रिले. त्याची कल्पना सुरेख आहे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असताना तिच्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट असतात. त्यापेक्षा बरंच वर व्होल्टेज दिसलं तर अल्टरनेटर चालू आहे असं समजायचं. म्हणून हा रिले १३.३ च्या आसपास जुळतो आणि १२.८ च्या आसपास सुटतो. बनावटीनुसार आकडे थोडे पुढेमागे. चावीची वायर नको, कोणी आठवणीने बटण दाबायला नको. पहिली बॅटरी भरल्यावरच दुसरीचा नंबर लागतो, हाही फायदा. जुन्या, एकसारखं १४ ते १४.४ व्होल्ट देणाऱ्या अल्टरनेटरच्या गाडीत लेड-ॲसिड दुसरी बॅटरी असेल, तर आजही मी याच्याहून वेगळं काही सुचवणार नाही. बसवायचा मात्र इंजिनाच्या बॅटरीजवळ. तिथून त्याच्यापर्यंत लांब आणि बारीक वायर टाकली, तर जुळताच करंट वाहतो, वायरीत व्होल्टेज पडतं, रिले सुटतो. सुटताच व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा जुळतो. अशी टकटक ऐकू आली तर रिले बदलण्याआधी वायर बदला.

शहाद्याचे आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन चाचा जुन्या जीपांवर शिकलेले. त्यांनी मला सांगितलं की यात नवीन काही नाही. डायनॅमोच्या काळात प्रत्येक गाडीत एक कटआउट असायचा. डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीच्या वर गेलं की तो जोडायचा, इंजिन मंद झालं की तोडायचा, नाहीतर बॅटरीच उलट डायनॅमोला फिरवायला जायची. पुढे अल्टरनेटर आले, त्यांच्या पोटातच डायोड होते, कटआउटची गरज संपली. दुसरी बॅटरी आल्यावर तेच काम नव्या डबीत परत आलं. चाचांचं हे ज्ञान पुढे आमच्या फार उपयोगी पडलं.

कारण नवी गाडी आली ती बीएस-६. १ एप्रिल २०२० पासून देशात याच मानकाच्या नव्या गाड्या विकल्या जातात. जुन्या गाडीत व्हीएसआरने चोख काम केलं होतं, म्हणून फिटरने तोच सुचवला आणि तोच बसवला. गाडी दुकानासमोर उभी करून इंजिन चालू केलं, मीटर लावला, दोन्ही बॅटऱ्यांवर १४.४ व्होल्ट. सगळ्यांचं समाधान झालं. पुढे काही आठवड्यांतच मागची बॅटरी दुपारपर्यंत टिकेनाशी झाली. फ्रिज स्वतःहून बंद व्हायचा. दुकानात नेली की ते बॅटरी रात्रभर चार्ज करून टेस्टर लावायचे आणि चांगली आहे म्हणायचे. शेवटी बदलून दिली. नव्या बॅटरीचीही तीच गत झाली. फ्रिजच्या थर्मामीटरवर ८ च्या वरचा आकडा दिसला की शंका आलेलं इन्सुलिन आणि लशी टाकून द्याव्या लागत. चालत आलेल्या माणसाला, पायातली जखम दाखवत उभ्या असलेल्या माणसाला, आज इंजेक्शन नाही असं सांगताना काय वाटतं ते मी इथे लिहू शकत नाही.

चाचांकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी बॅटरीला हातही लावला नाही. म्हणाले, "ताई, उभ्या गाडीत मोजून काय कळणार? मला सोबत घ्या." दोन्ही बॅटऱ्यांवरून लांब वायरी काढून त्यांनी दोन मीटर पुढच्या सीटवर आणले आणि आम्ही चांदसैली घाटाकडे निघालो. पहिली काही मिनिटं दोन्हींवर १४ च्या वर. मग सरळ रस्त्यावर पुढच्या बॅटरीचा आकडा हळूहळू उतरू लागला. १३, मग १२.७, आणि मागून व्हीएसआर सुटल्याचा आवाज आला. अख्ख्या चढावर तो सुटलेलाच होता. माथा ओलांडून उतार लागला, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तसा आकडा झपकन १४.८ वर गेला आणि रिले जुळला. पुन्हा चढ, पुन्हा सुटला. मागच्या बॅटरीला फक्त उताराची वीज मिळत होती.

हा बिघाड नव्हता. गाडी जशी बनवली होती तशीच वागत होती. अल्टरनेटर फिरवायला इंजिनाची ताकद खर्च होते, म्हणजे डिझेल खर्च होतं. म्हणून बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला हुकूम देतो. चढावर आणि सरळ धावताना व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरवायचं, आणि वेग कमी होताना, जेव्हा गाडीचा स्वतःचा जोर फुकट जाणार असतो, तेव्हा ते १५ च्या जवळ न्यायचं. इंजिनाची बॅटरी तो मुद्दाम पूर्ण भरत नाही, उतारावरची वीज घ्यायला जागा ठेवतो. इंजिन नुकतंच सुरू झालेलं असताना मात्र सेल्फचा खर्च भरून काढायला तो पूर्ण व्होल्टेज देतो. दुकानासमोर मोजलेले १४.४ व्होल्ट हे त्याच काही मिनिटांचे होते. काही गाड्यांत हेडलाइट लावल्यावरही व्होल्टेज वर राहतं, त्यामुळे रात्रीच्या प्रवासात मोजणाऱ्याचीही फसगत होते.

म्हणून बीएस-६ गाडी असेल, किंवा त्याआधीचीही पण नव्या बनावटीची असेल, तर आयसोलेटर घेण्याआधी ही एक चाचणी कराच. इंजिन गरम होऊ द्या, हेडलाइट बंद ठेवा, अर्धा तास रस्त्यावर गाडी चालवा आणि शेजारी बसलेल्या माणसाला मीटर वाचू द्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटरही अंदाजासाठी चालतो. आकडा सतत १३.८ ते १४.४ मध्ये राहिला तर अल्टरनेटर जुन्या वळणाचा आहे, व्हीएसआर बिनधास्त बसवा. आकडा खालीवर नाचत असेल तर कोणताही रिले, कोणताही डायोड तुमच्या कामाचा नाही. तिथे डीसी-डीसी चार्जरच लागतो.

डीसी-डीसी चार्जर आयसोलेटरचं काम करतोच, पण त्याच्या पुढे जाऊन तो इकडून येणारं १२.४ किंवा १५ व्होल्ट काहीही घेतो आणि तिकडे दुसऱ्या बॅटरीला हवं तेच व्होल्टेज, ठरलेल्या टप्प्यांनी देतो. जेल बॅटरीला थोडं कमी, एजीएमला थोडं जास्त, लिथियमला वेगळं. हे त्याच्यावर निवडता येतं. रिलेच्या कित्येक पट किंमत पडते, आणि तरीही आमच्या फेकलेल्या बॅटऱ्या आणि औषधं यांच्यापुढे ती कमीच होती.

हा चार्जर घेतानाही दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, त्याला इंजिन चालू आहे हे कळायला इग्निशनची एक वेगळी तार द्यावी लागते. अल्टरनेटरचं व्होल्टेज खाली जाणाऱ्या गाडीत निव्वळ व्होल्टेज पाहून चालणारा चार्जर अर्धा वेळ झोपून राहतो. ही तार चावी काढल्यावर खरोखर मृत होते ना, हे मीटरने पाहा; काही तारा चावी काढल्यावरही बराच वेळ जिवंत असतात. दुसरं, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर नव्या गाड्यांत एक छोटा सेन्सर असतो. तो बॅटरीत किती करंट आला-गेला याचा हिशोब ठेवतो आणि त्यावरच कॉम्प्युटर अल्टरनेटरला हुकूम देतो. दुसऱ्या बॅटरीची निगेटिव्ह वायर फिटर सोयीसाठी थेट त्या टर्मिनलवर कसतात, म्हणजे सेन्सरला वळसा पडतो आणि त्याचा हिशोब चुकतो. सगळ्या निगेटिव्ह चेसिसच्या अर्थला घ्या. आणि मूळ हार्नेस कापू देऊ नका. वॉरंटीत असलेल्या गाडीवर तर मुळीच नाही.

चार्जर किती अँपिअरचा? इथे गाडीचा नव्हे, तुमच्या दिवसाचा हिशोब करायचा असतो. आमचा सांगते. फ्रिज चालतो तेव्हा ४ अँपिअर घेतो आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणजे दिवसरात्रीत ५० अँपिअर-तास धरा. दिवे आणि लॅपटॉपचे २०. नेब्युलायझरचे ५. झाले ७५. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून १५० अँपिअर-तासांची बॅटरी. ७५ परत भरायला, भरण्यातला तोटा धरून, ८८ च्या आसपास लागतात. ३० अँपिअरचा चार्जर ते तीन तासांत देईल असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा अतिशय हळू घेते, तिथे मोठा चार्जरही काही करू शकत नाही. आणि आमची गाडी दिवसाला तेवढी धावतच नाही. दोन पाड्यांमधलं अंतर नकाशावर थोडं आणि रस्ता अवघड असला, तरी इंजिन चालू असण्याचे तास मोजकेच.

याचा अर्थ सरळ आहे. कोणताही आयसोलेटर वीज बनवत नाही. धावण्याचे तास कमी असतील तर मुक्कामाच्या ठिकाणी मेन्सवरचा चार्जर आणि टपावर सोलर पॅनेल लागणारच. २०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ५० ते ६० अँपिअर-तास देतं. पावसाळ्यात सातपुड्यात ढग दिवसेंदिवस हलत नाहीत, तेव्हा ते धरून चालू नका. फूड ट्रक, फिरतं ग्रंथालय, कॅम्पिंगची गाडी, ज्यांची ज्यांची गाडी धावते कमी आणि उभी राहते जास्त, त्यांनी आयसोलेटरवर खर्च करण्याआधी हा हिशोब कागदावर मांडावा.

पुण्या-मुंबईहून लडाख-स्पितीला गाडी घेऊन जाणारी तरुण मंडळी मला हल्ली लिथियमबद्दल विचारतात. वजन निम्म्याहून कमी, जवळजवळ पूर्ण उतरवता येते, भराभर भरते, मोह पडणारच. पण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साध्या रिलेवर किंवा व्हीएसआरवर जोडू नका. निवांत अवस्थेतच तिच्यावर १३.२ ते १३.३ व्होल्ट असतात. व्हीएसआरला वाटतं अल्टरनेटर चालू आहे, आणि इंजिन बंद असतानाही तो जुळूनच राहतो. शिवाय ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. अल्टरनेटरचा थंड करणारा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालत असताना पंखाही मंद आणि करंट मात्र पूर्ण, अशा वेळी अल्टरनेटर जळतो. आणि बॅटरी भरली म्हणून तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने चार्जिंग अचानक तोडलं, तर व्होल्टेजचा जो झटका बसतो त्यात अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. डीसी-डीसी चार्जर करंटला लगाम घालतो, म्हणून लिथियमला तोच. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. पहाटे गाडी काढून लगेच चार्जिंग सुरू होणार असेल, तर तापमान पाहून थांबणारी बॅटरी किंवा चार्जर हवा. थंडीतल्या स्पितीत याला पर्याय नाही.

आता वायर आणि फ्यूज. या विषयावर मी कोणाशीही तडजोड करत नाही. ३० अँपिअर देणारा चार्जर अल्टरनेटरकडून जवळपास ४० अँपिअर घेतो. मागची बॅटरी ६ मीटर लांब असेल तर जाण्या-येण्याची वायर १२ मीटर. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतरावर १.४ व्होल्ट पडतात. १६ च्या वायरीत अर्धा व्होल्ट, २५ च्या वायरीत व्होल्टचा तिसरा हिस्सा. साध्या रिलेवर असाल तर १.४ व्होल्टची घट म्हणजे डायोडच्या दुप्पट नुकसान. आयसोलेटर चांगला घेऊन वायर बारीक टाकली तर पैसे वाया. दुकानात जाडीवर जाऊ नका, इन्सुलेशन जाड आणि आत तांबं कमी अशी वायर सर्रास मिळते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तांब्याची म्हणून खपवली जाते. टोक खरवडून पाहा, आत चंदेरी दिसली तर परत करा. लग हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबूनच घ्या.

फ्यूज दोन्ही टोकांना लागतो, प्रत्येक बॅटरीपासून वीतभराच्या आत. एकच फ्यूज पुरेल असं फिटर सांगतात, कारण साध्या वायरिंगमध्ये वीज एकाच बाजूने येते. इथे वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठे चेसिसच्या कडेला घासून इन्सुलेशन फाटलं तर दोन्हीकडून शेकडो अँपिअर धावतात, आणि ज्या बाजूला फ्यूज नाही त्या बाजूने वायर पेटते. आमच्या गाडीत पेशंट झोपलेला असतो, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर असतं. पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट, वर कोरुगेटेड पाइप, आणि बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळलेली. मागची बॅटरी माणसं बसतात त्या भागात असेल तर पाणी घालायची साधी बॅटरी नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. सीलबंद एजीएम घ्या.

बस किंवा मोठ्या ट्रकवर गाडी बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. म्युझिक सिस्टिमसाठी किंवा फ्रिजसाठी त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची पद्धत सगळीकडे आहे, आणि ती वाईट आहे. एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी सतत जास्त भरली जाते, दोन्ही लवकर मरतात. २४ वरून १२ करणारा डीसी-डीसी चार्जर घ्या.

काम संपल्यावर पैसे देण्याआधी फिटरसमोर मोजून घ्या. इंजिन बंद, लोड बंद, गाडी रात्रभर उभी: दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज, प्रत्येकीचं स्वतंत्र. इंजिन चालू, मागची बॅटरी थोडी उतरलेली: अल्टरनेटरवर किती आणि मागच्या बॅटरीच्या टर्मिनलवर किती. मधल्या वायरीतला करंट क्लॅम्प मीटरने. आणि अर्ध्या तासाच्या धावेनंतर गाडी चालू असतानाच पुन्हा हेच. डीसी-डीसी चार्जर असेल तर मागच्या टर्मिनलवर शेवटच्या टप्प्यात चार्जरवर निवडलेलंच व्होल्टेज दिसलं पाहिजे; रिले असेल तर अल्टरनेटरपेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त फरक मान्य करू नका. आकडे तारखेसह लिहून, वायरिंगच्या साध्या आकृतीसोबत मागच्या बॅटरीच्या खोक्याच्या झाकणावर चिकटवा. पुढच्या वेळी दुसराच फिटर दुसऱ्याच गावात गाडी उघडेल तेव्हा त्याला तेच लागेल. पावसाळा संपला की त्याच जागा पुन्हा मोजा. आमच्याकडे दर ऑक्टोबरात चेसिसच्या अर्थचा बोल्ट काढून, गंज घासून, ग्रीस लावून पुन्हा कसावा लागतो.